दीड बाई उंचीचं दार

आमच्या साडभाऊंना जगात दोनच गोष्टी दिसतात. शंभर वर्षांच्या पुढचं घर आणि पाच वर्षांच्या आतला संसार, त्यातल्या तान्ह्या बाळांसकट. या दोहोंच्या मधलं जे काही आहे, म्हणजे तुम्ही, मी, उड्डाणपूल, नगरपालिका आणि त्यांच्या सासरची समस्त मंडळी, ते सगळं त्यांना धूसर दिसतं. डोळे अधू आहेत म्हणावं तर तसंही नाही. अकोल्याच्या भर उन्हात, चष्मा कपाळावर सरकवून, दूरच्या माडीची कोणती खिडकी मूळची आणि कोणती मागाहून बसवलेली, हे ते स्कूटरवरून उतरायच्या आधी सांगतात. पण त्याच माडीखाली मी हात हलवत उभा असलो तर स्कूटर माझ्यासमोरून तशीच पुढे निघून जाते. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने फोटोग्राफर. राहणार अकोला, आणि मी अमरावतीत शाळामास्तर. आमच्या दोन गावांमध्ये एसटीने जेमतेम अडीच तासांचं अंतर आहे, पण मी पन्नाशीतला आणि माझं घर बारा वर्षांपूर्वीचं, त्यामुळे त्यांना आमच्याकडे येण्यासारखं काही कधी सापडलं नाही.

त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते कोणी विचारलं नाही तरी सांगतात. “घर शंभर वर्साचं झाल्याबिगर पोज सोडत नाई, साडभाऊ. तोवर त्याले वाटते, आपुन नवे हावो. अन् नवराबायको पाच वर्सं एकमेकाईकडं पायतात. सहाव्या वर्सापासून कॅमेऱ्याकडं पायतात. मंग त्याईचा पासपोर्टच काढायचा. फोटो काहून काढायचा?” हे तत्त्वज्ञान नुसतं बोलण्यापुरतं असतं तर आम्ही कौतुकाने ऐकून घेतलं असतं. पण माझ्या धाकट्या मेहुण्याचं लग्न वरुडला झालं तेव्हा घरचाच माणूस म्हणून फोटोचं काम यांच्याकडे दिलं. मुलीकडची मंडळी संत्र्याच्या बागांची, तालेवार. महिन्याभराने अल्बम आला. त्यात नवरानवरी होती, ती उत्तमच होती. मांडवातली चार तान्ही बाळं होती. आणि त्यापुढे सोळा पानं मंगल कार्यालयासमोरच्या एका जुन्या सागवानी घराची होती, सकाळचं, दुपारचं, कलत्या उन्हातलं. मुलीचे वडील नव्हते, आई नव्हती, दोन्हीकडचे मामे नव्हते. नवरीच्या मामाने सगळा अल्बम दोनदा चाळला आणि विचारलं, “हे घर कोनाचं आहे? आमी तं आहेर याईलेच द्याले पायजे होता!” तेव्हापासून वरुडकडच्या लग्नांत साडभाऊंना पाहुणा म्हणून बोलावतात आणि कॅमेरा घरी ठेवून या, असं पत्रिकेसोबत तोंडी कळवतात.

बरं, ज्यांचे फोटो ते मनापासून काढतात त्यांचीही सुटका सोपी नाही. घरांशी वागावं तसं ते बाळांशी वागतात आणि बाळांशी वागावं तसं घरांशी. त्यांच्या पिशवीत गवंड्याचा ओळंबा असतो, दोरीला लोखंडी वजन बांधलेला. जुन्या भिंती सरळ दिसाव्यात म्हणून घेतलेला, पण एकदा मी त्यांना तो एका सहा महिन्यांच्या बाळाच्या नाकासमोर धरताना पाहिलं. बराच वेळ एक डोळा मिटून पाहिल्यावर ते बाळाच्या आजीला गंभीरपणे म्हणाले, “डाव्या अंगाले झुकून राहिलं. पाया कच्चा हाय.” आजी पदर खोचून उठली ती सून मधे पडली म्हणून थांबली. उलट एखाद्या जुन्या घरासमोर उभे राहिले की ते चुटक्या वाजवतात, मान वाकडी करून लाडे लाडे बोलतात. “ए राजा, इकडं पाय. हां, असा. आता हालू नको बरं.” दीडशे वर्षांत जे घर भूकंपानेही हललं नाही, त्याला हा माणूस हलू नको म्हणून बजावतो, आणि फोटो काढून झाल्यावर शाबासकी म्हणून त्याच्या खांबावर दोन थापाही मारतो.

आता हे सगळं ज्या बाईने तीस वर्षं चालवून घेतलं तिच्याबद्दल सांगायला हवं. ताई, माझी थोरली मेहुणी, उंचीला बरोबर पाच फूट. या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघांच्या तोंडून कधी चकार शब्द ऐकला नाही. स्टुडिओला कुलूप लावून दोघं स्कूटरवर निघायची, मागच्या सीटवर ताई, मांडीवर डबा, काखेत छत्री आणि खांद्याला कॅमेऱ्याचं तिकाटणं. अचलपूर, बाळापूर, कारंजा, जिथे म्हणून जुनं घर असेल तिथे. तिथे गेल्यावर ताईचं काम एकच. दाराशी जाऊन उभं राहायचं. शोभेसाठी नव्हे, मापासाठी. दार किती उंच आहे हे नुसत्या फोटोत कळत नाही, शेजारी माणूस लागतो, आणि हा माणूस ताई. “तिकडं सरक, अजून, हां, आता घराले टेकू नको.” ताई उन्हात उभी. साडभाऊ चाळीस फुटांवर, घराच्या तोंडावर ऊन नीट येण्याची वाट पाहत. अर्ध्या तासाने ताईचा आवाज यायचा, “झालं काय हो? पाय भाजून राहिले माहे!” आणि हे तिकडून, “बोलू नको, घर हालते!”

त्यामुळे झालं असं की साडभाऊंच्या डोक्यातलं फूट हे मापच हळूहळू निघून गेलं. एकदा कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक जुन्या घरांचा अभ्यास करायला आले होते. त्यांनी फोटो पाहून विचारलं, हे दार साधारण किती उंच असेल हो? साडभाऊ म्हणाले, “दीड बाई.” प्राध्यापकांना वाटलं हे वऱ्हाडातलं काही जुनं परिमाण असावं. त्यांनी आदराने वहीत लिहून घेतलं. पुढे टेप लावून मोजलं तर दार बरोबर साडेसात फूट भरलं.

बाळांच्या फोटोला मात्र ताई समोर नसायची. साडभाऊंच्या पाठीमागे उभी असायची, बाळाला हसवायला. आणि बाळं हसायची, अगदी खळखळून. आमच्या जिल्ह्यात आणि त्यांच्याही जिल्ह्यात आज जी पोरं दहावी-बारावीला आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांचा बोळक्या तोंडाचा, हसून डोळे मिटलेला एक फोटो घरात लावलेला असेल, आणि तो यांनी काढलेला असेल. ताई नेमकं काय करायची हे साडभाऊंना ठाऊक नव्हतं. त्यांचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असायचा.

सहा वर्षांपूर्वी ताई गेली. पंधरा दिवसांचा ताप काय आला आणि चोपन्नाव्या वर्षी ती गेलीच. तेरवीच्या आदल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, फोटो काढून ठेवा, उद्या हार घालायला लागेल. साडभाऊ स्टुडिओत गेले. दोन तास झाले, बाहेर येईनात, म्हणून मी आत गेलो. कपाटं उघडी होती. खोकी, पाकिटं, डब्या सगळं जमिनीवर पसरलेलं. अख्ख्या वऱ्हाडातली बाळं होती तिथे, अख्ख्या वऱ्हाडातली घरं होती. मधोमध साडभाऊ बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “साडभाऊ, फोटोच नाई हो.” लग्नाला पाच वर्षं झाल्यावर त्यांनी ताईचा असा वेगळा फोटो काढलाच नव्हता. स्वतःच्या घरासाठी तरी तत्त्वज्ञान थोडं बाजूला ठेवावं, हे या भल्या माणसाला सुचलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तो राग त्यांच्याकडे बघत असतानाच ओसरला.

शेवटी लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षाचा एक फोटो मिळाला. दोन वेण्या घातलेली, पंचवीस-सव्वीसची ताई. तोच लावला. पण फोटोतली बाई तरुणच राहते आणि भिंतीखाली बसणारा माणूस म्हातारा होत जातो, त्यामुळे ते प्रकरण वर्षागणिक अवघड होत गेलं. बाळाचा फोटो काढायला आलेली माणसं हार पाहायची, साडभाऊंचे पांढरे केस पाहायची, आणि हळू आवाजात विचारायची, “पोरगी होती काय जी तुमची?” पहिली दोन वर्षं ते “बायको” म्हणून सांगायचे. मग लोक अधिकच चमकून पाहायला लागले, तेव्हा त्यांनी सांगणंही सोडून दिलं.

आम्ही मोबाइलमधले फोटो पाठवले होते की. आमच्या हिच्याकडे ताईचे पुष्कळ होते. पंगतीत वाढताना, कुणाच्या तरी बारशात, एका फोटोत तर तोंडात घास घेऊन. साडभाऊंनी एकही लावला नाही. “हा फोटो नाई, हा पुरावा हाय,” ते म्हणाले. “फोटोग्राफराच्या बायकोले दुसऱ्याच्या मोबाइलमधला फोटो लावू? ते काय म्हनीन?” लोक काय म्हणतील, असं नव्हे. ती काय म्हणेल. त्यांना स्वतःच्या हाताने काढलेला ताईचा चेहरा हवा होता, आणि तो काढायची वेळ निघून गेली होती. तेव्हापासून हा माणूस एका एवढ्याशा गोष्टीसाठी आतून कुरतडला जातोय हे आम्हाला दिसत होतं, आणि आम्ही काही करू शकत नव्हतो.

मधे एकदा त्यांनी मला बाळापूरला नेलं. मीही मोठ्या हौसेने गेलो. तिथे गेल्यावर कळलं की मला दाराशी उभं राहायचं आहे. मी उभा राहिलो. बराच वेळ तिकडून काही हालचाल नाही. मग ते ओरडले, “साडभाऊ, गुडघ्यात वाका!” मी पाच फूट आठ इंच आहे, त्याला माझा इलाज नाही. वाकलो. “अजून!” अजून वाकलो. घरमालकीण खिडकीतून पाहत होती. तिने विचारलं, “याईले पोटात दुखून राहिलं काय?” अर्ध्या तासाने मी मान वर करून पाहिलं तर साडभाऊंनी कॅमेरा पिशवीत घातला होता. गुडघे आठ दिवस दुखले.

बाळंही हसेनाशी झाली. साडभाऊंनी खुळखुळे आणले, शिट्टी आणली, रबरी बदक आणलं. बाळं त्या बदकाकडे तहसीलदाराच्या नजरेने पाहायची. त्या काळातले त्यांचे सगळे फोटो मी पाहिले आहेत, एकाही बाळाचे ओठ विलगलेले नाहीत. मग एका वर्षी एक तरुण आई आपलं दुसरं मूल घेऊन आली. तिच्या पहिल्या मुलाचा फोटो ताईच्या वेळचा, अगदी पोट धरून हसणारा. हे दुसरं काही केल्या हसेना. साडभाऊ चिडले, म्हणाले, “आमच्या घरची होती तवा हासे. का करे काय मालूम.” ती बाई जरा घुटमळली. मग म्हणाली, “काका, तुमाले खरंच नाई मालूम? त्या तुमची नक्कल करत ना जी.” साडभाऊ म्हणाले, “माही?” ती म्हणाली, “हो. तुमी वाकले की त्या वाकत. एक डोळा मिटत. तुमची जीभ अशी बाहीर येते ना बाजूनं, तशी काढत. आमी बी लै हासत होतो, पन तुमाले सांगू नका म्हनत.”

हे साडभाऊंनी स्वतः मला सांगितलं, तेही फोनवर. म्हणाले, “तीस वर्सं माह्या मांगं उभी राहून मले वेडावून दाखवे, साडभाऊ. लेकरं पायत होते, त्याईच्या माया पायत होत्या. मीच काय तो बह्याड, मांगं वळून नाई पायलं.” आणि मग, “दिवाळीची सुट्टी हाय न तुमाले? या मंग. शोधू. हजार घरं हायेत. कोन्या तरी दाराशी तं तिनं माह्याकडं पायलंच असंन.”

मी आणि ही, दोघंही गेलो. चार दिवस ते आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून होतो. एकेक घर उघडायचं, दाराशी जायचं आणि तिथली अंगठ्याएवढी ताई मोठी करून पाहायची. उन्हाळ्यातल्या फोटोंत तोंडाला रुमाल गुंडाळलेला. हिवाळ्यातल्या फोटोंत ती हमखास त्या घरातल्या बाईशी बोलत असलेली, पाठमोरी. कुठे छत्रीची सावली, कुठे ऊन लागून कपाळाशी हात. चौथ्या दिवशी अचलपूरच्या एका घराच्या दाराशी ती सापडली. उघडा चेहरा, सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारी. तोंड अर्धवट उघडं. पाय भाजत असल्याचं सांगत असणार. साडभाऊंनी भराभर चित्र मोठं केलं, आणि चेहऱ्याचे ठिपके झाले. अंगणात फरशा बसवाव्यात तसे नुसते चौकोन. लहान केलं की ताई, मोठं केलं की फरशा. ते किती तरी वेळ तेच करत राहिले, लहान, मोठं, लहान, मोठं. मला ते बघवेना, मी चहा सांगायला बाहेर गेलो.

संध्याकाळी आमची ही त्यांना म्हणाली, “भाऊजी, माहा चेहरा ताईवानीच हाय म्हनतात समदे. माहाच काढून घ्या न.” त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. कॅमेऱ्यातून पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, “नाई बाई. तू मले पाहून हासून राहिली. ते माह्याकडं पाहून वरडे.” पण कॅमेरा लावलाच होता म्हणून असेल, त्यांनी बटण दाबलं. पासपोर्ट सोडले तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मधल्या वयाच्या माणसाचा फोटो काढला. निघताना त्या फोटोचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि आपल्या वऱ्हाडी रोखठोकपणे म्हणाले, “ठेवा. कामी पडते.” ही उसळली, “काय अभद्र बोलता भाऊजी!” मीही उसळायला हवं होतं. मी पाकीट खिशात ठेवलं. आता ते माझ्या कपाटात आहे आणि ती माहेरी गेली की मी ते काढून पाहतो. फार सुरेख आलाय फोटो.

त्यानंतर उन्हाळ्यात मी एकटाच अकोल्याला गेलो तेव्हा भिंतीवरचा दोन वेण्यांचा फोटो काढलेला होता. त्या जागी भिंतभर मोठी चौकट, आणि तिच्यात अचलपूरचं ते अख्खं घर. ताई जेवढी मोठी केल्यावर ताई राहत होती तेवढीच ठेवायची, म्हणून घर एवढं मोठं करावं लागलं होतं. हार घालायचा तर सगळ्या माडीवर येणार, म्हणून त्यांनी दाराशेजारी, चौकटीच्या फटीत, मोगऱ्याचं एक फूल खोचलं होतं. येणारे जाणारे आता पोरीबद्दल विचारत नाहीत, घर कोणाचं म्हणून विचारतात. मी जवळ जाऊन पाहिलं, मागे सरून पाहिलं. न राहवून म्हटलं, “साडभाऊ, पन चेहरा नाई दिसत हो नीट.” ते कॅमेऱ्याची काच पुसत होते. म्हणाले, “चेहरा लोकाईले पायजे असते. मले उंची पुरते.”

ते अजूनही जातात घरांचे फोटो काढायला, एकटे. मी दोनदा म्हणालो, मला सुट्टी आहे, येतो, गुडघ्यात वाकून उभा राहतो. ते नको म्हणाले. परवा त्यांनी मला कारंजाच्या एका घराचा फोटो पाठवला. सकाळचं कोवळं ऊन होतं, कोरीव खांब होते, मोठं सुंदर काम होतं. दाराशी कोणी नव्हतं. मी बराच वेळ पाहिलं, पण दार केवढं आहे ते काही कळेना.